वेतनातील वाट्याचे खरे मोल : कौशल्यमंत्र्यांस अनावृत पत्र

मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग

मा. मंत्री,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई यांस



‘आधी शिका, नोकरी लागल्यावर फी द्या’ एवढ्या एका आश्वासनावर संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचे शिक्षण देणाऱ्या ज्या खासगी शाळा २०१९च्या सुमारास बंगळुरूसारख्या शहरांत निघाल्या, ज्यांना सर्वत्र कोडिंग बूटकॅम्प म्हणतात, आणि ज्यांचे वर्ग आता मोबाइलच्या पडद्यावरून मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या घराघरांत भरू लागले आहेत, त्यांच्या करारनाम्यांविषयी आपल्यापाशी स्पष्टपणे बोलावे, आणि ते खासगीत न बोलता सर्वांच्या समक्ष बोलावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. विषय शिक्षणाचा आहे, तसाच तो सावकारीचा आहे. शिक्षणाची बाजू आपल्या खात्याची, सावकारीची सहकार खात्याची, वित्तकंपन्यांची रिझर्व्ह बँकेची आणि जाहिरातींची दिल्लीच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची. चार दफ्तरांच्या हद्दी ज्या एका कागदावर येऊन मिळतात, त्या कागदाची रुजुवात करणे हे आजवर चौघांपैकी कुणीही आपले कर्तव्य मानलेले नाही.

मालवणच्या न्यायालयात वकिलीत हयात गेल्यामुळे, सही करण्यापूर्वी कागद एखाद्या जाणत्याच्या नजरेखालून घालावा अशा जुन्या समजुतीने शेजारीपाजारी हे करारनामे माझ्याकडे घेऊन येतात. कुणाचा मुलगा कुंभारमाठच्या शासकीय तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन बाहेर पडलेला असतो, कुणाची मुलगी स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालयाची पदवीधर असते. बाप दांडीवर किंवा सर्जेकोटला मासेमारी करणारा, नाहीतर तारकर्लीला पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधून त्यांचे हप्ते अजून फेडीत असणारा. करार इंग्रजीत असतो, पानोपानी लांबलेला असतो, आणि विद्यार्थ्याने पडद्यावर बोट टेकवले की तो मान्य झाला असे समजले जाते. पुष्कळदा बापाची सहीही सहअर्जदार म्हणून हवी असते. मग तो माणूस संकोचाने विचारतो, “वकीलसायबानू, ह्यां काय कर्ज न्हय मां?”

या प्रश्नामागील विश्वास मी समजू शकतो. वाट्याचा व्यवहार या किनाऱ्याला परका नाही. रापण ओढून मासळी वाळूवर आली की ती विकून, खर्च वजा जाता जाळ्याचा, होडीचा आणि ओढणाऱ्या हातांचा वाटा पडतो. ज्या दिवशी जाळे रिकामे येते त्या दिवशी कुणी कुणाचे देणे लागत नाही. ‘तुमच्या मुलाच्या पगारातील वाटा तेवढा आम्ही घेऊ’ असे शब्द कानी पडताच, ज्याने आयुष्यभर रापणीचा वाटा घेतला आणि दिला, त्याच्या मनात त्या व्यवहाराचीच सचोटी उभी राहते. परंतु महोदय, करारातील कलमे वाचल्यावर मला त्या माणसास सांगावे लागते की, हे कर्ज आहे. आणि बँकेच्या दारातील कर्जापेक्षा ते बहुधा महागही आहे.

या योजनेचा गुण मी आधी मान्य करतो, कारण तो मान्य न करता तिच्यावर टीका करणे अन्यायाचे होईल. ज्याच्यापाशी तारण ठेवण्यास जमीन नाही, दागिना नाही आणि शिफारस करणारा मामाही नाही, अशा हुशार मुलास आज रोख न मागता शिकवणे ही काही क्षुद्र गोष्ट नव्हे. बंगळुरूत २०१९ साली स्थापन झालेल्या मसाई स्कूलने प्रारंभी जी अट जाहीर केली होती तिचे स्वरूप असे होते, की सालीना ५ लाख रुपये वा त्याहून अधिक पगाराची नोकरी लागली तरच ३ वर्षे पगाराचा १५ टक्के हिस्सा द्यावयाचा, अन्यथा नाही. कल्पना म्हणून ती उदात्त आहे, आणि तिची वंशावळही मोठी आहे. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ सालीच असे सुचवले होते, की ज्याप्रमाणे भांडवलदार कारखान्याचे भाग विकत घेतो त्याप्रमाणे त्याने विद्यार्थ्याच्या भावी कमाईतील भाग विकत घ्यावा. माणसाच्या कमाईतील भाग विकत घेणे हे आर्थिक दृष्ट्या अंशतः दास्य ठरते, ही जाणीवही त्याच निबंधात त्यांनी नोंदवून ठेवली होती. त्यांच्या सूचनेचा उत्साहाने आधार घेणाऱ्यांनी ती नोंद मात्र मागे ठेवली.

आता हिशेबाकडे वळू, कारण या प्रकरणाचे मर्म हिशेबात आहे आणि नेमका तोच विद्यार्थ्यासमोर मांडला जात नाही. उदाहरणार्थ असे धरू, की एखाद्या शाळेत रोखीने शिकणाऱ्यास दीड लाख रुपये फी पडते, आणि रोख नसणाऱ्यास १५ टक्के हिस्सा ३६ महिने द्यावा लागतो, ज्याची कमाल मर्यादा ३ लाख रुपये आहे. शिक्षण आणि नोकरीचा शोध यांत नऊ महिने गेले आणि दहाव्या महिन्यापासून हप्ता सुरू झाला, असेही समजू. मुलाला सालीना ५ लाखांची नोकरी लागली तर तो महिन्याला ६,२५० रुपये भरतो, तीन वर्षांत २ लाख २५ हजार फेडतो, आणि दीड लाखाच्या मुद्दलावर हा बोजा सालीना सुमारे १८ टक्के व्याजाचा होतो. त्याच्याच शेजारी बसलेल्या मुलीने अधिक कष्ट केले आणि तिला ८ लाखांची नोकरी मिळाली, तर तिचा हप्ता १० हजारांचा होतो, ३० महिन्यांत ३ लाख पुरे होतात, आणि व्याजाचा दर जातो महिना ३ टक्क्यांवर, म्हणजे सालीना ३६ टक्क्यांवर. दीड लाखाचे तीन लाख ही तर दामदुपटीची परिसीमा झाली. तिच्यापलीकडे वसूल करू नये असा दंडक आपल्या जुन्या धर्मशास्त्राने घातला होता आणि मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी तो दीर्घकाळ पाळला.

इतक्यावरही हा हिशेब पुरा होत नाही. १५ टक्के कशाचे, हा प्रश्न उरतोच, आणि मला सर्वांत अधिक व्यथित करणारी गोष्ट ती आहे. करारातील ‘उत्पन्न’ बहुधा कंपनीने नियुक्तिपत्रात लिहिलेले एकूण वार्षिक मूल्य असते, ज्यास नोकरदार लोक सीटीसी म्हणतात. त्यात भविष्यनिर्वाह निधीत कंपनीने घालावयाची रक्कम धरलेली असते, पाच वर्षांनी कदाचित मिळेल अशी उपदानाची रक्कम धरलेली असते, आणि कित्येकदा कामगिरीवर अवलंबून असलेला व म्हणूनच अनिश्चित असलेला भागही धरलेला असतो. सालीना ५ लाख म्हणजे महिना ४१,६६६ रुपये. त्यातून निधीचे दोन्हीकडचे मिळून ३,६०० रुपये, उपदानाचे सुमारे हजार आणि व्यवसायकराचे २०० गेले की हातात ३६,८०० च्या आसपास पडतात, आणि अनिश्चित भाग असेल तर त्याहूनही कमी. हप्त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर वेगळा आकारण्याची अट असेल तर ६,२५० चे ७,३७५ होतात. म्हणजे पंधरा टक्के म्हणून ज्यावर सही केली, तो हातात पडणाऱ्या पगाराचा पाचवा हिस्सा ठरतो. आणि उरलेल्यात पुण्यातील खोलीचे भाडे, खाणावळ, कोकण रेल्वेचे येणेजाणे आणि घरी पाठवावयाचे चार पैसे बसवावे लागतात.

महोदय, कोकणाने हा प्रकार पूर्वी पाहिलेला आहे. खोतीच्या अमलात अर्धेली कूळ उत्पन्नाचा अर्धा आणि तिर्धेली कूळ तिसरा हिस्सा घालीत असे. परंतु ‘उत्पन्न’ म्हणजे किती, हे शेतात उभ्या पिकाची अभावणी, म्हणजे नजरेने अंदाज, करून ठरवले जाई, आणि त्या अभावणीवर खोताची हुकमत असे. मळणीत प्रत्यक्ष किती भात निघाले, अवकाळी पावसात किती कुजले, बियाण्यासाठी किती राखावे लागले, हा सर्व भार कुळाच्या माथी राही. हिस्सा ठरवणारा आणि हिस्सा घेणारा एकच असला, आणि मोजणी प्रत्यक्ष आलेल्या धान्याऐवजी अंदाजिलेल्या धान्याची झाली, की हिश्शाचे नाव टिकून राहते व खंड मात्र वाढत जातो. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून पुढे कित्येक वर्षे नांगर खाली ठेवला तो याच जाचापायी, डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले तेही याच जाचापायी. आणि १९४९च्या कायद्याने खोती गेली. अंदाजावर बसवलेला वाटा या प्रांताने एकदा कायदा करून मोडला आहे, आणि पगाराचा कागदी आकडा ही माझ्या मते त्याच अभावणीची नवी आवृत्ती आहे.

‘शाळेनेही धोका पत्करलेला असतो, मुलाला नोकरी लागली नाही तर तिचेही नुकसानच होते’, असे या योजनेचे पुरस्कर्ते सांगतात. हे खरे असते तर मी हे पत्र लिहिले नसते. मला दाखवण्यात आलेल्या कागदांत या धोक्याला अनेक पळवाटा आहेत. शिक्षण मध्येच सोडले तर ठरीव रक्कम भरावी लागते, मग सोडण्याचे कारण बापाचे आजारपण का असेना. शाळेने सुचवलेली नोकरी नाकारली तर सवलत संपून पूर्ण फी देय होते. त्या शिक्षणाशी काडीचाही संबंध नसलेली नोकरी, समजा पतपेढीतील किंवा मामाच्या हॉटेलातील, ठरीव पगाराच्या वर असली तरी हिस्सा द्यावाच लागतो. नोकरी सुटली तर हप्ता थांबतो, पण देणे मिटत नाही, मुदत तेवढी पुढे सरकते. आणि पगाराची किमान मर्यादा, जी या व्यवहारातील एकमेव खरी सवलत, ती ५ लाखांवरून साडेतीन किंवा तीनवर आणली की नवशिक्यांना मिळणारी जवळजवळ प्रत्येक नोकरी तिच्यात सापडते, कारण मोठ्या संगणक कंपन्यांत नवख्यास मिळणारा पगार पुष्कळ वर्षे साडेतीन लाखांच्या आसपासच घोटाळत राहिला आहे.

अमेरिकेत या योजनेचा सर्वांत मोठा डंका ज्या संस्थेने पिटला, त्या लॅम्ब्डा स्कूलचे, म्हणजे पुढे ब्लूमटेक झालेल्या संस्थेचे, काय झाले ते आपल्या खात्याने अवश्य वाचावे. पगाराचा १७ टक्के हिस्सा, कमाल ३० हजार डॉलर, आणि ‘हे कर्ज नव्हे’ अशी ग्वाही, असे तिचे स्वरूप होते. तेथील ग्राहक वित्त संरक्षण कार्यालयाने एप्रिल २०२४ मध्ये दिलेल्या आदेशात हे करार म्हणजे कर्जच असल्याचे म्हटले. त्यांत सरासरी सुमारे ४ हजार डॉलरचा आकार विद्यार्थ्यास न सांगता दडलेला होता. एक हप्ता चुकला तर ३० हजारांपैकी उरलेली सर्व रक्कम तत्काळ मागण्याची सोय होती. ७१ ते ८६ टक्के विद्यार्थ्यांस नोकऱ्या लागतात अशी जाहिरात चालू असताना संस्थेचे अंतर्गत आकडे ५० टक्क्यांच्या जवळपास आणि काही तुकड्यांत ३० टक्क्यांपर्यंत खाली होते. आणि ‘तुमचे यश तेच आमचे यश’ म्हणणारी ही संस्था विद्यार्थ्यांचे करार गुंतवणूकदारांना विकून आपले पैसे आधीच मोकळे करून घेत होती. आदेशाने संस्थेस ग्राहकांना कर्ज देण्याच्या व्यवसायातून कायमचे आणि तिच्या संस्थापकास विद्यार्थिकर्जाच्या व्यवहारातून १० वर्षे दूर ठेवले. रापणीच्या वाटेकऱ्याने रिकाम्या जाळ्याचा तोटा सोसण्याआधीच आपला वाटा परगावच्या माणसाला विकून घरी जावे, यास आमच्याकडे वाटा म्हणत नाहीत.

आपल्या देशात याहून वाईट प्रकार उघडकीस आला आहे. बंगळुरूत २०२३ साली एका प्रशिक्षणसंस्थेच्या चालकास पोलिसांनी अटक केली ती या आरोपावरून, की विद्यार्थ्यांच्या नावावर वित्तकंपन्यांची कर्जे काढली गेली, हप्ते संस्था भरील असे सांगितले गेले, आणि पुढे हप्त्यांचा तगादा मुलांकडे आला. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांस मी पहिला प्रश्न हा विचारतो, की करार शाळेशी आहे, की शाळेच्या आडून एखाद्या वित्तकंपनीशी. कारण दुसऱ्या प्रकारात नोकरी लागो वा न लागो, बँकेतून पैसे वळते करून घेण्याची परवानगी आधीच दिलेली असते, आणि ती परवानगी नोकरीची वाट पाहत नाही.

काळही अनुकूल नाही. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तीन कंपन्यांच्या नोकरवर्गात मिळून सुमारे ६४ हजारांची घट झाली. ज्या बाजारात अनुभवी माणसे रिकामी बसली आहेत, त्या बाजाराच्या भरवशावर सर्जेकोटच्या घरातून सही घेतली जात आहे. शिवाय शिक्षणात गेलेले महिने, ज्यांत मुलगा सकाळपासून रात्रीपर्यंत पडद्यासमोर असतो आणि एक पैसाही कमावीत नाही, त्यांची किंमत कोणत्याही करारात लिहिलेली नसते. घरच्यांनी मात्र ती मोजलेली असते.

कायद्याची स्थिती थोडक्यात सांगतो. दख्खनमध्ये १८७५ साली सुप्यापासून सावकारांविरुद्ध जे दंगे उसळले त्यांच्या चौकशीअंती १८७९ साली शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला, आणि त्याने न्यायाधीशास असे बजावले, की केवळ दस्तऐवजावर विसंबू नये, त्यामागील देण्याघेण्याचा सारा इतिहास तपासावा. तोच न्याय आज लावायला हवा, कारण कागदास काय नाव दिले यावरून व्यवहाराचे स्वरूप ठरत नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये सावकारास परवाना लागतो, हिशेब ठेवावा लागतो, आणि बिगरशेतकऱ्यास दिलेल्या विनातारण कर्जावर व्याजाची मर्यादा सालीना १८ टक्के ठरवलेली आहे. वर दाखवलेला ३६ टक्क्यांचा बोजा तिच्या दुप्पट आहे. बिगरबँक वित्तकंपन्यांस राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ठरवले, ते ठीक. त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी सर्व खर्चासह वार्षिक दर सांगणारे विवरण कर्जदारास देणे त्यांना बंधनकारक आहे. परंतु जी शाळा स्वतःच फी उधार ठेवते आणि मागाहून हिस्सा वसूल करते, ती वित्तकंपनी नव्हे म्हणून रिझर्व्ह बँकेच्या कक्षेबाहेर राहते, आणि रोख रक्कम हातात दिलीच नाही म्हणून सावकारीच्या कायद्याबाहेरही राहू पाहते. या दोन कुंपणांमधील मोकळी वाट बंद करणे हे शासनाचे काम आहे.

माझी मागणी अवास्तव नाही. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याशी असा करार करणाऱ्या प्रत्येक संस्थेने सहीपूर्वी मराठीत एक पानी विवरण द्यावे, असा नियम आपल्या खात्याने करावा. त्यात रोखीची फी, साडेतीन, पाच आणि आठ लाखांच्या पगारावर एकूण किती रुपये भरावे लागतील, कर धरून हप्ता किती, हप्ता चुकल्यास आणि शिक्षण सोडल्यास काय द्यावे लागेल, आणि करार तिसऱ्याला विकला जाईल की नाही, एवढे रुपयांत लिहिलेले असावे. हिस्सा कंपनीच्या कागदी आकड्यावर न बसता खात्यात जमा झालेल्या पगारावर बसावा. नोकऱ्यांचे आकडे सनदी लेखापालाने तपासल्याखेरीज जाहिरातीत येऊ नयेत. कोचिंगवर्गांच्या फसव्या जाहिरातींविषयी केंद्रीय प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत नोकरीच्या आश्वासनांचा उल्लेख आहेच, त्यांची अंमलबजावणी येथे व्हावी. आणि हे विवरण न देणाऱ्या संस्थेस शासकीय तंत्रनिकेतनांच्या आवारात व्याख्यानास वा भरतीस उभे करू नये. ही शेवटची गोष्ट तर शासनाच्या एका परिपत्रकाने उद्याच होण्यासारखी आहे.

याहून मोठे काम असे की, मुलांस या करारांची गरजच कमी भासावी. केंद्र सरकारने जुलै २०२४ मध्ये कौशल्यकर्जाची सुधारित योजना आणली आणि कर्जाची मर्यादा दीड लाखावरून साडेसात लाखांवर नेली, हे मालवणच्या किती बँकशाखांत विचारणाऱ्यास सांगितले जाते, याचा आपण शोध घ्यावा. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून विद्यार्थ्याच्या कमाईनुसार वसूल होणारी फी सरकारमार्फत चालवली आहे. तेथे देणे फार तर महागाईच्या प्रमाणात वाढते, व्यापारी व्याज नसते, आणि जो कमावू शकला नाही त्याचा तोटा खरोखरच सरकार सोसते. ती कल्पना इतक्या मोठ्या प्रमाणावर आज आपल्याला झेपणार नाही हे मी जाणतो. पण एखाद्या जिल्ह्यात, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या साहाय्याने आणि राज्याच्या हमीवर, तिचा प्रयोग करून पाहण्यास काय हरकत आहे? सिंधुदुर्गाइतका साक्षर आणि सहकाराची सवय असलेला जिल्हा त्यासाठी शोधत बसावे लागणार नाही.

तोपर्यंत मी येणाऱ्यांस एवढेच सांगत आहे, की करारात ‘वाद बंगळुरूच्या लवादापुढे’ असे लिहिलेले असले तरी २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात, म्हणजे ओरोसच्या जिल्हा आयोगापुढे, तक्रार करण्याचा अधिकार दिला आहे, लवादाचे कलम त्या अधिकाराच्या आड येत नाही, आणि करारच अन्यायकारक असेल तर राज्य आयोगापुढे दाद मागता येते. पण तेथे जाण्याची वेळ येण्याआधी, अशा कराराविषयी आपल्या राज्यात अर्ज कोणत्या कार्यालयात, कोणत्या अधिकाऱ्याच्या नावे द्यावयाचा, एवढा खुलासा आपल्या खात्याने लेखी करावा. पुढच्या शैक्षणिक वर्षाचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी तो आला, तर सह्या होण्याआधी मला तो येणाऱ्यांस वाचून दाखवता येईल.

आपला नम्र,
मालवणचा एक निवृत्त वकील